बघा बुवा

माणसं जुनी परदेशी गाडी घ्यायला निघाली की नकोबांना बोलावत, पण कधी? तर गाडीच्या पुरतं प्रेमात पडून झाल्यावर. बायकोला फोटो दाखवून झालेले, मित्रांमध्ये फुशारक्या मारून झालेल्या, घराखालची जागा झाडून ठेवलेली, आणि मग फोन: "काका, जरा वरवर नजर टाकता का?" वरवर! या शब्दाने नकोबांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. वरवर बघायचं काम तर त्या माणसाने आधीच उरकलेलं असे आणि त्यातूनच सगळा घोळ झालेला असे. लग्न ठरवून टाकायचं आणि मग मुलगा दारू पितो का ते विचारत फिरायचं, त्यातलाच हा प्रकार.

खरं नाव त्यांचं दुसरंच होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. उमेदीची सगळी वर्षं गॅरेजात गेली. गुडघ्यांनी गाडीखाली शिरायला नकार दिला तेव्हा त्यांनी पाने-पक्कड ठेवून दिले आणि नुसतं बघायचं काम धरलं. दोन दारांच्या, जमिनीला पोट लावून पळणाऱ्या, शेजाऱ्यांच्या पोटात दुखवणाऱ्या त्या महागड्या गाड्या. कुणी विकायला काढली की घेणारा यांना सोबत नेई. हे बघत आणि काय ते सांगत. सांगत ते बहुतेक वेळा एकच: "नको." म्हणून नकोबा.

बघायची रीत ठरलेली. "मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही," असं आदल्या दिवशीच बजावून ठेवत. गेल्या गेल्या इंजिनावरच्या झाकणावर तळहात टेकवत. कोमट लागलं तर तिथूनच माघारी फिरत, कारण गार गाडी सुरू होताना खोकते, धूर सोडते, आणि ते लपवायचं असलं की विकणारा आधीच तिला तापवून ठेवतो. मग दारांच्या फटी दोन्ही अंगांना सारख्या आहेत का, टायरवर छापलेलं साल कोणतं, रंगाखालून दुसरा रंग डोकावतोय का. मालक कौतुकाने सांगे, "अगदी कमी पळालीय हो, नुसती उभीच असते."

"अहो, म्हणूनच तर!" नकोबा कपाळाला हात लावत. "माणूस बसून राहिला की गुडघे धरतात, गाडीचं काय वेगळं? रबर वाळतं, नळ्यांना चिरा जातात. इंजिनातला एक रबरी पट्टा बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, माहितीये का?"

माहीत नसे. माहीत करून घ्यायचंही नसे. घराखालच्या उतारावर हिचं पोट घासणार नाही ना, बिघडली तर हात लावणारा माणूस किती लांब बसतो, विमा कोण उतरवतो, हे काहीएक विचारलेलं नसे. "पण काका, आवाज बघा ना तिचा!" असं म्हणून ते गिऱ्हाईक डोळे मिटून घेई.

"आवाज ऐकायचा असतो, बघायचा नसतो," नकोबा करवादत. "बघायचं ते तुम्ही बघत नाही."

सगळ्यात शेवटी सीटचा पट्टा. लोकांना वाटे, म्हातारा पट्टा लावून बघतोय. नकोबा तो पट्टा बाहेर ओढत, ओढत, पार अडेपर्यंत ओढत. गाडी कधी पाण्यात बुडालेली असली तर विकणारा गालिचे बदलतो, सीटं धुतो, आत काहीतरी सुवासिक फवारतो. पण पट्ट्याचा शेवटचा हातभर तुकडा कायम गुंडाळीच्या पोटात असतो, तो धुवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. तिथे गाळाची रेघ राहते. अशी रेघ दिसली की पुढे बघायचं कारणच नाही. बुडालेली गाडी आज चालते, उद्या दिवे जातात, परवा काच अडकते, आणि सुटा भाग मागवावा तर तो साता समुद्रापलीकडून कधी उगवेल ते तो भागच जाणे.

असा फटकळ माणूस. पण जगात एक जण असा होता की त्याच्यासमोर या जिभेला कुलूप लागे. तो म्हणजे जावई.

त्याचं असं झालं की लेकीने स्वतःचं लग्न ठरवलं तेव्हा नकोबांनी होणाऱ्या जावयालाही गाडीसारखंच निरखलं. दातांचा डॉक्टर. दिसायला छान, बोलायला गोड, पण हौसेला अंत नाही. घड्याळं काय, बूट काय, मोजदाद नाही. "नको," ते लेकीच्या तोंडावर म्हणाले. "रंग झकास आहे, पण ब्रेक नाहीत." लेक भांडली, रडली, महिनाभर घर डोक्यावर घेतलं आणि शेवटी लग्न करून मोकळी झाली. आणि डॉक्टर निघाले लाखात एक. सासूचं ऑपरेशन झालं तेव्हा पोटच्या पोराने केलं नसतं इतकं त्यांनी केलं. त्यानंतर बायकोने नकोबांना समोर बसवलं.

"हे बघा, तुमचा तो शब्द बाहेर काय वापरायचा तो वापरा. डॉक्टरांसमोर पुन्हा तोंडातून काढलात तर माझ्याशी गाठ आहे. एकदा तोंडघशी पडलात तेवढं पुरे झालं."

चुकलेला माणूस काय बोलणार? नकोबांनी 'नको' गिळला आणि त्याच्या जागी 'बघा बुवा' आणून बसवलं.

आता 'बघा बुवा' म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. नुसतं 'बघा' म्हणजे करा, माझी हरकत नाही. त्याला 'बुवा' चिकटला की अर्थ उलटा फिरतो: मला हे साफ नापसंत आहे, पण मी बोलणार नाही, आणि उद्या फजिती झाली तर माझ्याकडे येऊ नका. त्यांच्या घरात वाढलेल्या लेकीला हा 'बुवा' भिंतीपलीकडूनही ओळखू आला असता. पण डॉक्टर पडले सरळ माणूस. त्यांच्या धंद्यात दात काढायचा तर 'काढतो' म्हणतात, ठेवायचा तर 'ठेवू' म्हणतात. दिवाणखान्याला जांभळे पडदे लावू का, बाबा? "बघा बुवा." लावले. ऐन थंडीत डोंगरावर सहलीला जाऊ का? "बघा बुवा." गेले, नाकं गळत परत आले, तरी खुशीत. डॉक्टरांची पक्की समजूत झाली की आपले सासरे कशालाच नाही म्हणत नाहीत. "बाबा फार मोकळ्या मनाचे आहेत," असं ते पेशंटांनाही सांगत, आणि पेशंटच्या तोंडात हात असल्यामुळे उलट कुणी काही बोलत नसे.

अशात डॉक्टरांच्या डोक्यात गाडी शिरली. पिवळीधमक, दोन दारांची, परदेशी.

इथे नकोबांनी पहिल्यांदा कान टवकारले, कारण पैसा लेकीच्या बेकरीचा होता. ती कित्येक वर्षं दुसऱ्याच्या भट्टीसमोर पहाटेपासून उभी राहत आली होती. तिला स्वतःची बेकरी काढायची होती. कोपऱ्यावरचं एक दुकान तिने हेरून ठेवलं होतं. भट्टी कुठे, काउंटर कुठे, हे तिने घरच्या फरशीवर खडूने आखूनसुद्धा बघितलं होतं. दोघांनी पै-पै करून त्यासाठी पैसा बाजूला टाकला होता. डॉक्टरांचं म्हणणं असं की अशा गाडीची किंमत कधी उतरत नाही, उलट चढते. दुकान रिकामं व्हायला अजून अवकाश आहे, तोवर हौस करू, मग विकू, पैसा जसाच्या तसा परत. नकोबांनी हे गणित आजवर कितीतरी तोंडांतून ऐकलं होतं आणि तीच तोंडं नंतर पडलेली बघितली होती.

"बाबा, तुम्हीच बघायला चला," डॉक्टर म्हणाले. हे त्यातल्या त्यात बरं, नकोबांना वाटलं. दोष असला तर गाडीच बोलेल, आपल्याला तोंड उघडायला नको.

विकणाऱ्याचा काचेच्या भिंतींचा हॉल. आरशासारखी फरशी, तिच्यावर गाडी, गाडीवर दिव्यांचा झोत. झाकण गार लागलं. फटी सारख्या. टायर नवे. जसजसा दोष सापडेना तसतसा नकोबांना घाम फुटू लागला. मग त्यांनी पट्टा धरला. ओढला, ओढला, अडेपर्यंत ओढला. शेवटच्या हातभरावर ती रेघ होती. मातकट, सरळ, पट्टीने आखल्यासारखी.

डॉक्टर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. चेहरा असा की लहान मुलाने झोक्यावर बसावं. "बाबा, कशी वाटते?"

नको! बुडालेली आहे, हात लावू नका, उठा आधी तिथून! सगळं ओठांपर्यंत आलं होतं. पण तो चेहरा समोर, विकणारा हसतमुख शेजारी, बायकोचा दम कानात, आणि मनाच्या तळाशी ते जुनं टोचणं की या माणसाच्या बाबतीत आपण एकदा साफ चुकलो आहोत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. त्यांच्या बोटांतून पट्टा सुटला आणि सुर्रकन आत गेला, रेघेसकट.

"बघा बुवा," ते म्हणाले.

आणि घरी येताना स्वतःची समजूत घातली की यात सगळं आलं. डॉक्टर हे लेकीला सांगतील, 'बुवा' ऐकताच ती सावध होईल, तिचा फोन येईल, मग तिला रेघेचं सांगू. ते फोनची वाट बघत बसले. फोन आला नाही. आपण करावा, तर बायको समोर बसलेली. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता गाडी लेकीच्या दारात येऊन उभी राहिली.

घराखालच्या उतारावर पहिल्याच दिवशी तिचं पोट खर्रकन घासलं, तेव्हापासून ती रस्त्यावरच उभी राही. मग एक काच अर्ध्यावर अडकली. मग दिवे दिवसाढवळ्या आपोआप लागू लागले. एके दुपारी कुणी आत नसताना भोंगा वाजायला लागला आणि शेजारपाजारच्यांनी गॅलरीत येऊन डॉक्टरांच्या कुळाचा उद्धार केला. "नाजूक आहे हो," डॉक्टर म्हणत आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत. पांढरा हत्ती पोसतात असं ऐकलं होतं, हा पिवळा होता. नकोबा दर रविवारी जाऊन वायरी उसकटत बसत. कुठे गाळ निघे तो बोटाने पुसून खिशातल्या फडक्यात लपवत आणि स्वतःवर चरफडत. बोलावं तर इतके दिवस गप्प का होतो हे सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही स्वतःच्याच हातचा.

अखेर दुकान रिकामं झालं. मालकाने लेकीला निरोप धाडला, महिनाअखेर पैसे द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे. डॉक्टरांनी गाडी विकायला काढली. लोक येत, फोटो काढत, पोरांना बसवून बघत आणि निघून जात. महिना सरत आला.

आणि नकोबांना एका फर्निचरवाल्याचा फोन आला. याला पूर्वी त्यांनी एका गाडीपासून वाचवलं होतं, तेव्हापासून तो छत्रीही त्यांना विचारून घेईल अशा भक्तीला पोचला होता. "काका, उद्या एक पिवळी गाडी बघायचीय. पैसे घेऊनच येतोय. तुम्ही हो म्हणालात की तिथल्या तिथे सौदा. पत्ता लिहून घ्या."

पत्ता लेकीचा होता.

"अहो, मग बरंच झालं की!" बायको म्हणाली. तिला रेघेचं काय माहीत? "जा, आणि एकदाचं 'हो' म्हणून या. पोरीचं दुकान आहे त्यात." नकोबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती म्हणाली, "आता माझ्यावर कशाला डोळे वटारता?"

दुसऱ्या दिवशी सगळे गाडीभोवती जमले. नकोबांनी सुटकेची एक वाट काढून बघितली. "हे बघा, हे माझे जावई आहेत. मी ही गाडी बघणं बरोबर नाही. दुसरा कुणीतरी आणा."

"जावई?" फर्निचरवाल्याने टाळीच वाजवली. "अहो काका, मग प्रश्नच मिटला! घरचीच गाडी! तुम्ही नुसती मान हलवा."

नकोबांना वाटलं, या बॉनेटवर डोकं आपटून घ्यावं. ज्या कारणाने माझ्यावर विश्वास ठेवू नये, नेमका त्याच कारणाने ठेवतो! लेक दारात उभी होती, पिठाचे हात एप्रनला पुसत. दुकानमालकाला आज कळवायचं होतं, म्हणून एप्रनच्या खिशात फोन. ती वडिलांकडे बघून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. आता बाबा आलेत, आता काही काळजी नाही, असं ते हसणं होतं.

नुसती मान हलवायची. पट्टा ओढायचाच नाही, की झालं. गाडी फर्निचरवाल्याची, दुकान लेकीचं, आणि रेघ पुन्हा गुंडाळीत. फर्निचरवाला आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्या बिचाऱ्याने इंजिनाला हातसुद्धा लावला नव्हता. त्याचा तो विश्वास बघून नकोबांना आणखीच चीड आली. कुणाची, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

"इकडे या," ते म्हणाले. "डॉक्टर, तुम्हीही या." त्यांनी पट्टा धरला आणि अडेपर्यंत ओढला. "ही रेघ दिसते? हा गाळ आहे. गाडी बुडालेली आहे."

"मग काका?"

"नको."

फर्निचरवाला हात जोडून, दहादा आभार मानून निघाला. जाताना पाकीट काढू लागला तेव्हा नकोबांनी नुसता हात झटकला.

डॉक्टर अजून पट्ट्याकडे बघत होते. "बाबा, ही रेघ... घेताना पण होती?"

"होती."

"तुम्ही बघितली होतीत?"

"बघितली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. 'बघा बुवा' म्हणालो होतो."

"बुवा?" लेक पायऱ्या उतरून खाली आली आणि नवऱ्याकडे वळली. "तू तर मला सांगितलंस, बाबा 'बघा' म्हणाले."

"तेच ना ते?" डॉक्टर गोंधळून म्हणाले. "'बुवा' काय, ती बोलायची पद्धत..."

कुणालाच हसू आलं नाही. लेकीने क्षणभर डोळे मिटले. तो 'बुवा' ऐकला असता तर कळलं असतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मग ती वडिलांकडे वळली.

"ते जावई, म्हणून तुमचं तोंड उघडलं नाही. बरं. पण मी कुठे तुमचा जावई होते, बाबा? मला फोन करायला काय झालं होतं?"

"तुझ्या लग्नाच्या वेळी 'नको' म्हणालो आणि तोंडघशी पडलो. तेव्हापासून..."

"तेव्हा मला तुमच्याशी भांडता तरी आलं! महिनाभर भांडले. 'नको'शी भांडता येतं हो. हे तुमचं 'बघा बुवा' तर माझ्यापर्यंत पोचलंसुद्धा नाही."

रागवायची सवय असलेल्या माणसाला रागवायला समोर कुणीच उरू नये, तशी नकोबांची गत झाली. डॉक्टर गाडीच्या सीटच्या कडेवर टेकले. गाडी इतकी बुटकी की त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

"बाबा," ते म्हणाले, "ते जांभळे पडदे?"

"भयंकर आहेत," नकोबा म्हणाले.

"आणि गाडीचं आता काय करू? खरं सांगा."

नकोबांच्या जिभेवर जुन्या सवयीने 'बघा' आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. "गाडी म्हणून कुणाच्या गळ्यात बांधू नका. मोडा. सुटे भाग विकले जातील, मी बसून विकून देतो. पण वेळ लागेल, आणि सगळा पैसा सुटणार नाही. दुकान आता हातचं गेलं, डॉक्टर."

'दुकान गेलं' हे कुणीतरी मोठ्याने म्हणायचं राहिलं होतं, ते झालं. लेकीने खिशातून फोन काढला, दोघांकडे पाठ केली आणि दुकानमालकाचा नंबर लावला. हाताचं पीठ फोनला लागलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"नको," ती म्हणाली. "हो, जागा. नको आम्हाला."

तिने तो शब्द अगदी वडिलांसारखाच उच्चारला, सरळ, पुढेमागे काहीही न लावता. नकोबा पट्टा हातात धरून तसेच उभे राहिले.